नुसती नोंद हवी आहे

"मिळणार काय त्यातून?" हे नानांना आधी त्यांच्या मुलानं विचारलं, मग सुनेनं, मग गावातल्या झेरॉक्सवाल्यानं. झेरॉक्सवाल्याच्या विचारण्यात खवचटपणा नव्हता. त्याच्या दुकानात दिवसभर अर्जच येतात. पीकविमा, निराधार योजना, उत्पन्नाचा दाखला, सातबारा. त्या प्रत्येक कागदाच्या टोकाला कुठंतरी एक रक्कम बांधलेली असते. नानांच्या कागदाच्या टोकाला काहीच नव्हतं. पेन्शन रुपयानं वाढणार नव्हती आणि कॅन्टीनचा कोटा होता तेवढाच राहणार होता. १९७१ च्या लढाईत आपण पूर्व आघाडीवर होतो, त्याबद्दल सरकारनं एक पदक ठरवलं, ते आपल्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, चढलेलं नाही, ते चढवून द्यावं, एवढंच त्यांचं मागणं.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. पंच्याऐंशी उलटली आहे, पण चालताना अजून काठी नुसती सोबतीला असते. मी पुण्यात बँकेत नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे घरात कुणाचाही अर्ज म्हटला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. हाही आला. त्यांनी अट मात्र घातली होती, ती या लेखालाही लागू आहे : "काय बी लिव पोरी, पण पलटनीला नाव ठिवल्यागत हुईल आसं न्हाय लिवायचं." म्हणून पलटणीचं नाव इथं नाही आणि त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसचंही नाही.

त्यांचं डिस्चार्ज बुक मी त्या निमित्तानं पहिल्यांदा हातात घेतलं. ते पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, वर रबर लावून ठेवलेलं असतं. पुठ्ठ्याचं लहानसं पुस्तक. आत इंग्रजी रकाने आणि कुणा कारकुनाचं उजवीकडे कललेलं, शाईच्या पेनातलं अक्षर. भरतीचं साल १९५७. उंची, छाती, ओळखीची खूण डाव्या भुवईवरचा व्रण. शिक्षणाच्या रकान्यात फौजेतच दिलेल्या परीक्षेचं नाव, कारण गावात ते चौथीनंतर शाळेत गेलेच नाहीत. वर्तणुकीच्या रकान्यात 'एक्झेम्प्लरी'. या शब्दाचा अर्थ नानांना अख्खा ठाऊक आहे आणि कुणी विचारलं तर ते तो सांगतात, कुणी नाही विचारलं तरी सांगतात. मग पदकांचा रकाना. त्यात दोन ओळी : सैन्य सेवा मेडल, 'हिमालय' क्लास्पसह, म्हणजे रिबनीवरच्या पट्टीसह. रक्षा मेडल १९६५. त्याखाली दोन बोटं कोरी जागा. खाली सही, शिक्का आणि जून १९७२ ची तारीख.

सगळा घोळ त्या तारखेत होता, आणि त्यात कुणाचाच दोष नव्हता. एकाहत्तरच्या लढाईची जी पदकं, पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार आणि त्याहून व्यापक असं संग्राम मेडल, ती सरकारनं स्थापन केली १९७३ मध्ये. नाना पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून जून ७२ ला घरी आले होते. जे पदक अजून जन्मालाच आलं नव्हतं, ते कारकून कुठून लिहिणार? मागून निघालेल्या पदकांची नोंद मागून व्हायची, पण ती रेकॉर्ड ऑफिसातल्या कागदावर. घरी नेलेल्या पुस्तकात ती आपोआप उमटत नाही. पुस्तक घेऊन कुणीतरी जावं लागतं. नाना गेले नाहीत. विहीर खणायची होती, बहिणीचं लग्न होतं, त्यात ७२ चा दुष्काळ. त्या वर्षी सातारा-सांगलीच्या पूर्व पट्ट्यात माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती. छातीवर काय लावायचं याचा विचार करायला कुणाला सवड होती?

मग आत्ताच का? हे मीही विचारलं. कारण सांगताना ते थोडे अवघडले. गावच्या शाळेत १५ ऑगस्टला माजी सैनिकांना बोलावतात. तिथं कुणा हौशी मास्तरांनी प्रत्येकाच्या डिस्चार्ज बुकावरून नावासमोर लढाया लिहून फलक केला. नानांच्या नावापुढे आलं : १९६५. एकाहत्तर नाही. मास्तरांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी पुस्तकात होतं ते लिहिलं. पण नानांच्या पलीकडच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते, ते १९७१ मध्ये पुण्याच्या डेपोत स्टोअरकीपर होते आणि फलकावर त्यांच्या नावापुढे एकाहत्तर होतं. नाना त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "म्या तिथं व्हतो, ही गोष्ट खरी हाय का खोटी? खरी आसंल तर लिवा."

नाना ड्रायव्हर होते. हे ते आधी सांगतात, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. "लढाई केली आसं मी म्हनत न्हाय. गाडी चालवली." गाडी चालवली ती मेघालयातल्या तुऱ्यापासून सरहद्दीपर्यंत आणि पुढे सरहद्द ओलांडून बक्षीगंज, जमालपूरच्या बाजूला. उत्तरेकडून ढाक्याला जाणारी ती वाट. या वाटेवर ४ डिसेंबरला कमालपूरची चौकी पडली. पुढे बक्षीगंजच्या रस्त्यावर विभागाचे कमांडर मेजर जनरल गुरबक्षसिंग गिल यांची जीप सुरुंगावर गेली, ते जबर जखमी झाले आणि त्यांची जागा मेजर जनरल गंधर्व नागरा यांनी घेतली. जमालपूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे 'जंगी पलटण', ब्रह्मपुत्र ओलांडून शहराच्या मागे जाऊन बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याची चिठ्ठी धाडली. उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून. कोंडी फोडायचा प्रयत्न मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन फुटला आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरले. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली.

हे सगळं मी नानांना वाचून दाखवलं. गोळीची गोष्ट आल्यावर त्यांचे डोळे चमकतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "ते आम्हाला मागनं कळालं. आम्ही तवा लई मागं व्हतो, गाड्या रुतल्या व्हत्या." मग रुतलेल्या गाडीबद्दल मात्र ते बराच वेळ बोलले. वाळू कशी भुसभुशीत असते, चाकाखाली बांबूच्या चटया कशा टाकायच्या, रात्री दिवे न लावता पुढच्या गाडीच्या मागच्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून कसं चालवायचं, गावातली पोरं चिखलात उतरून गाडीला कशी खांदा देत होती. माझ्या मते पूर्वी स्टार हे पदक बरोबर याच माणसासाठी असतं. वीरचक्र सांगतं की हा माणूस इतरांहून वेगळा वागला. मोहिमेच्या पदकाला असं काही सांगायचंच नसतं. हा त्या वेळी त्या जागी हजर होता, एवढीच त्याची साक्ष. आपल्याकडे शौर्याचं कौतुक भरपूर होतं. हजेरीचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून तिची नोंद तरी नीट हवी.

प्रश्न असा होता की हजर असल्याचं दाखवायचं कशावरून. नानांच्या ट्रंकेत एक पत्र निघालं. डिसेंबर ७१ चं, त्यांनी त्यांच्या आईला लिहिलेलं, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं नव्हे, स्वतःच्या अक्षरात. घड्यांवर झिजून त्याचे चार तुकडे झाले होते आणि ते कुणीतरी गव्हाच्या खळीनं मागून कागद लावून जोडले होते. मजकूर असा की मी खुशाल आहे, म्हैस व्याली का ते कळव, धाकट्याला शाळेतून काढू नको, इकडे थंडी फार नाही. लढाईचा 'ल' सुद्धा नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्यांचा नंबर, नाव, युनिट आणि शेवटी : मार्फत ९९ ए.पी.ओ. 

फौजेशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. सैनिकांच्या पत्रांवर गावाचं नाव नसतं. ५६ ए.पी.ओ. किंवा ९९ ए.पी.ओ., म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, एवढंच असतं. ५६ ची डाक दिल्लीहून वाटली जाते, ९९ ची कलकत्त्याहून. म्हणजे ९९ म्हटलं की माणूस पूर्वेकडे. पूर्वेकडे म्हणजे नेमका कुठं, हे शत्रूला कळू नये म्हणूनच तर ही व्यवस्था. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख होती, ठिकाण नव्हतंच. आता पन्नास वर्षांनी आम्ही त्याच पत्राकडून ठिकाण वदवून घ्यायला बसलो होतो. व्यवस्था इतकी चोख होती की पत्रानं अजूनही तोंड उघडलं नाही.

अर्ज लिहिताना मी आपला बँकेचा शहाणपणा चालवला. म्हटलं, नाना, एकाच अर्जात सगळी राहिलेली पदकं मागून टाकू. संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पण एक निघालं होतं. त्यांनी लगेच थांबवलं. संग्राम लिही, म्हणाले, ते लागतं. पंचवीस वर्षांचं नको. ते १५ ऑगस्ट १९७२ ला जे नोकरीत होते त्यांना. "मी जूनलाच घरी. दोन महिन्यानं हुकलं, तर हुकलं. आपलं नव्हं ते कशाला?" ऐंशी ओलांडलेल्या माणसाला दोन महिन्यांचा हा हिशोब बोटावर होता. कोणतं आपलं आणि कोणतं आपलं नाही, याचा हिशोब इतका स्वच्छ ठेवणारी माणसं मी बँकेत तरी कमीच पाहिली.

मध्येच त्यांच्या मुलानं एक तोडगा काढला. पुण्यात कॅम्पात, आणि अशा कुठल्याही छावणीच्या गावात, मेडलं-रिबनं विकणारी दुकानं असतात. रांगेत सगळी पदकं टांगलेली. अस्सल मेडलं सरकारी टांकसाळीतून यायला वर्षानुवर्षं लागायची, तोवर चालू नोकरीतले जवानही परेडसाठी तिथूनच नकला घ्यायचे. ही थकबाकी किती साठली होती याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल : डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयानं १७ लाखांहून जास्त सेवा पदकांच्या खरेदीला मंजुरी दिली. तर मुलगा म्हणाला, नाना, मी परवा कॅम्पात जातोच आहे, पूर्वी स्टार घेऊन येतो, १५ ऑगस्टला लावा. त्याच्या बोलण्यात प्रेमच होतं. नानांनी विचारलं, "त्याच्यावर माझा नंबर हाय का?"

भारतीय फौजेत पदकावर माणसाचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. ही इंग्रजांच्या वेळची रीत, आणि तिच्यात एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटननं आपल्या सैनिकांना बिननावाची दिली, पोस्टानं खोक्यात घालून. भारतीय सैनिकांच्या त्याच पदकांवर मात्र नावं घातली गेली. काटकसर करायची ठरवली ती त्यांनी घरच्यांवर केली म्हणायची.

आता हे वाचून साहेबाला फार मोठं मन होतं असं कुणाला वाटायला नको. आमच्या साताऱ्याकडे, तसंच कोकणात आणि पुणे जिल्ह्यात, अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, संपलं. अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. त्या महायुद्धात तिथले ४६ जण परत आले नाहीत असं सांगतात. एवढ्याशा गावात ४६ म्हणजे जवळजवळ प्रत्येक आळीत एक तरी. पण अशा फरश्यांवर कोण गेले, ते नसतं. लहानपणी आमच्या गावच्या फरशीवर आम्ही चिंचोके खेळायला बसायचो आणि आजी हाकलायची. ती का हाकलते हे तिला स्वतःलाही नीट सांगता यायचं नाही. तिच्या माहेरचा कुणी आजा 'बसऱ्याला' गेला होता एवढंच तिला माहीत.

बसरा म्हणजे इराक. सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी, कूत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं शरण गेली. त्यातले कितीतरी कैदेत, वाळवंटात पायपीट करता करता मेले. बसऱ्याला त्यांचं मोठं स्मारक आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच एक अहवाल काढून याची कबुली दिली आणि माफी मागितली. निदान १ लाख १६ हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतची, नावानं नोंदच झाली नव्हती किंवा मुळीच झाली नव्हती. त्यांत आफ्रिकेचे होते, इजिप्तचे होते आणि आपले होते. माफी मागायला शंभर वर्षं लागली, पण त्या आयोगाला निदान हे तरी कुणी विचारलं नाही की त्यातून मिळणार काय.

कागद जाणं ही काही एकट्या आपल्याकडची रड नव्हे. ज्या १९७३ साली इथं पूर्वी स्टार जन्माला येत होता, त्याच साली १२ जुलैला अमेरिकेत सेंट लुइसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात अमेरिकी आर्मीतून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के. नकला नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. तिथले म्हातारे आजही आपली राहिलेली पदकं नोंदवून मागतात आणि तिथले कारकून पगाराच्या जुन्या व्हाउचरांवरून माणूस पुन्हा उभा करतात. पगाराच्या कागदावरून! हिशोबखात्याचा कागद सगळ्यांत शेवटी मरतो, हे मी बँकेच्या अनुभवावरून छातीठोकपणे सांगू शकते.

आमचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला. तिथले कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार. त्यांनी एकदाही 'काय मिळणार' विचारलं नाही. अर्ज वाचला, मान हलवली आणि पेन्सिलीनं दोन जागी खुणा केल्या : नंबर अक्षरातही लिहा आणि नाव आधार कार्डावरचं नको, फौजेतलं लिहा. हा दुसरा मुद्दा मोठा आहे. भरतीच्या दिवशी समोरच्या बाबूनं ऐकलं तसं नानांचं नाव लिहिलं, वडिलांचं नाव मध्ये घातलं नाही, आडनावातला एक 'ए' खाल्ला. फौजेत ते पंधरा वर्षं त्या नावानं जगले. आधार कार्डावर, सातबाऱ्यावर, मतदार यादीत वेगळं स्पेलिंग. 'स्पर्श' ही पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था आल्यापासून पेन्शनरांचा निम्मा जीव या स्पेलिंगांतच अडकलेला असतो. नानांचं म्हणणं, बरोबर नाव फौजेतलंच, कारण त्या नावानं हाक मारली की ते सावधान उभे राहत.

उत्तर यायला बराच काळ गेला, पण आलं ते सविस्तर. हिंदीत, दीड पान. त्याचा सारांश असा की तुमच्या शीट रोलवर, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातल्या सेवेच्या कागदावर, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल या दोन्हींची नोंद आहे. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी हुकूम, निघालेली आहे. तुम्ही घरी गेल्यानंतर काही वर्षांतच. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही पत्राचे तुकडे भिंगातून वाचत होतो, ती गोष्ट तिकडे एका कपाटात लिहून तयार होती. नाना विहीर खणत होते तेव्हाही ती होती, नातवंडांची लग्नं झाली तेव्हाही. फक्त नानांना ते माहीत नव्हतं. मला वाटलं, ते आता चिडतील. ते चिडले नाहीत. उलट "बगा, पलटनीनं लिवलं व्हतंच" असं सगळ्यांना सांगत आळीत फिरून आले. पलटणीला नाव न ठेवण्याची अट मला घातली होती ती उगीच नव्हती.

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र घोडं अडलं. डिस्चार्ज बुकात नोंद करण्यासाठी मूळ पुस्तक नोंदणीकृत डाकेनं पाठवावे. पदक उपलब्धतेनुसार पाठवले जाईल. नानांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, पुस्तक पोस्टानं जाणार नाही. मी समजावलं, रजिस्टर असतं, पावती असते, ऑनलाइन कुठं पोचलं ते दिसतं. मुलगा म्हणाला, झेरॉक्स ठेवू, फोटो काढू, नोटरी करू. नानांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "आयुष्यात ह्ये एकदाच माझ्या हातात दिलं," म्हणाले. "मी पोष्टाच्या हातात देऊ?" त्या पुस्तकावर त्यांची पेन्शन आहे, नानी मागे राहिल्या तर त्यांची पेन्शन आहे, दवाखान्याचं कार्ड आहे. आणि ते सगळं सोडलं तरी देणार नव्हतेच.

मग गेलो आम्ही. गाडी करून, मधे रस्त्यात भाकरी सोडून, पुस्तक नानांच्या बंडीच्या आतल्या खिशात. जाताना त्यांनी नवं धोतर नाही, पँट-शर्ट आणि काळे बूट घातले. बुटांना आदल्या रात्री स्वतः पॉलिश केलं, सुनेला हात लावू दिला नाही. फाटकावरच्या पोरसवदा शिपायानं ओळखपत्र पाहून कडक सलाम ठोकला, आणि नाना, ज्यांना घरात पाणी द्यायला उशीर झाला तर आवाज चढतो, ते एकदम मऊ होऊन म्हणाले, "कोन गाव बेटा?" पोरगं खटावचं निघालं. मग तिथंच दुष्काळ, कालवा, उसाचा दर असं सगळं झालं.

आतल्या टेबलावरच्या हवालदारानं शीट रोल काढून समोर ठेवला. नानांना हात लावायची परवानगी नव्हती, त्यांनी मागितलीही नाही. वाकून पाहिलं. अठराव्या वर्षीच्या त्यांच्या दहा बोटांचे ठसे त्यावर होते. हवालदारानं पुस्तकातल्या त्या कोऱ्या दोन बोटांच्या जागेत दोन ओळी लिहिल्या, ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख घातली, साहेबांची सही आणली, गोल शिक्का मारला. त्याचं अक्षर त्या जुन्या कारकुनाइतकं देखणं नव्हतं, हे नानांनी परत येताना दोनदा बोलून दाखवलं. पदक अजून आलेलं नाही. त्याची त्यांना घाई दिसत नाही. शाळेतल्या मास्तरांनी मात्र फलक दुरुस्त केला, १९६५ नंतर स्वल्पविराम देऊन १९७१.

गोष्ट इथं थांबली असती, पण नानांची नोंद झाल्याची बातमी पंचक्रोशीबाहेर गेली आणि सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावाहून एक बाई त्यांच्या नातवाला घेऊन आल्या. त्यांचे मालक नानांच्याच पलटणीत होते, नानांहून बरेच धाकटे, एकाहत्तरला गाडीवर क्लीनरच्या जागी बसायचे. १९६८ ला भरती झाले आणि घरच्या अडचणीपायी १९७५ ला नाव कापून घरी आले. पंधरा वर्षं भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही. ते वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. पेन्शन नसलेल्या सैनिकाच्या म्हाताऱ्या विधवेला दरमहा मदत मिळण्याची योजना आहे, पण त्यासाठी डिस्चार्ज बुक पाहिजे. ते २०१९ च्या पुरात कपाटासकट गेलं. आणि बिनपेन्शनवाल्यांचे सेवेचे कागद फौज २५ वर्षं सांभाळते, मग नष्ट करते. १९७५ अधिक २५. हिशोब नानांनी बाईंच्या देखत मोठ्यानं केला नाही, पण मला दिसलं की तो त्यांनी केला.

म्हणजे इथं सगळं उलटं. ज्या नोंदीतून छदाम मिळणार नव्हता, तिचे कागद पन्नास वर्षं सुखरूप. जिच्यातून एका बाईचं औषधपाणी चालेल, तिचा कागद ना घरात ना कपाटात. नंबर काय होता, हे बाईंना ठाऊक नाही, मुलांना नाही. नानांना त्या माणसाची विडी ओढायची लकब आठवते, नंबर आठवत नाही.

बाईंनी पदरातून एक पितळी डबी काढली. डबी देव्हाऱ्यात होती, देव्हारा पोटमाळ्यावर नेला होता, म्हणून पुरातून वाचली. आत हळदीकुंकवाच्या पुडीखाली एक गोल पदक, रिबन कुजून गेलेली. संग्राम मेडल. हे त्यांच्या मालकांना नोकरीत असतानाच हातात मिळालं होतं. दरवर्षी दसऱ्याला बाई त्याची पूजा करतात, त्यामुळे कडेच्या खाचांत हळद घट्ट बसली आहे. मी जुना टूथब्रश आणला. नानांनी तो माझ्या हातून घेतला, कोमट पाण्यात बुडवून कडेवरून हलक्या हातानं फिरवला आणि भिंग लावून आकडा आकडा वाचायला लागले. नातू लिहून घेत होता.

कागद नष्ट झाले तरी रेकॉर्ड ऑफिसात 'लाँग रोल' नावाची एक जाडी वही ठेवतात. त्यात प्रत्येकाची एकेक ओळ असते : नंबर, नाव, भरती, सुटका. नंबर असेल तर ती ओळ सापडते आणि त्या ओळीवरून निदान दाखला निघू शकतो, असं संघटक फोनवर म्हणाले. सगळे आकडे लागले, एक सोडून. मधला एक इतका झिजलाय की नाना त्याला तीन म्हणतात, नातू आठ म्हणतो, मला तो उजेडाकडे धरला की तीन आणि सावलीत आठ दिसतो. पुन्हा फोन लावला. सुभेदार साहेब म्हणाले, वाद घालू नका, दोन्ही नंबर लिहा, वहीत कुणाच्या नावापुढे कोणता आहे ते तिथले पोरं बघतील. तसे दोन्ही लिहून अर्ज गेला आहे, आणि साक्षीदार म्हणून खाली नानांचं नाव आहे, फौजेतल्या स्पेलिंगनं.